एक चार्जर पुरेल

२ मार्च

आज माळ्यावरून मल्टीमीटर खाली काढला, म्हणून ही वहीही काढावी लागली. मोजमाप करायचे आणि नोंद ठेवायची नाही, हे मला जमत नाही. मुलांच्या प्रयोगवह्यांवर आयुष्यभर लाल शाई सांडली ती याच कारणासाठी.

प्रश्न असा आहे. आमच्या घरी दोन वाहने आहेत आणि दोन्ही हिची. पहिले म्हणजे मोटार. ती मागच्या अंगणात आच्छादनाखाली उभी आहे. दुसरे म्हणजे विजेवर चालणारी चाकांची खुर्ची. ती घरभर फिरते. मी स्वतः काहीच चालवत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे मी फळ्यावर दोन पिढ्यांना शिकवले, पण ब्रेकवर पाय कधी ठेवला नाही. गाडी चालवायची ती. घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधणारी परिचारिका होती ती. मागच्या सीटवर पट्ट्यांची पेटी असे आणि सुट्टीच्या दिवशी शेजारच्या सीटवर मी.

गेल्या वर्षी कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या पायांनी काम सोडले. हात मात्र उत्तम आहेत. घट्ट बसलेल्या बरण्या आजही तीच उघडते.

मोटार विकायचे ठरले आहे. खिडकीतून त्या आच्छादनाकडे पाहिले की ती गप्प होते, हे मी अनेकदा टिपले. दुःखाचे कारण डोळ्यांसमोरून हलवणे हा सरळ उपाय. तिला विचारले, तर म्हणाली, "तुम्हाला वाटेल तसं करा." म्हणजे संमती मिळाली. कोपऱ्यावरचे औषधवाले महिनाअखेरीस गाडी पाहायला येणार आहेत. तोवर गाडी किल्ली फिरवताच सुरू झाली पाहिजे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी मेलेली असणार, म्हणून चार्जर हवा. खुर्चीचा जुना चार्जरही हल्ली कुरकुरतो. दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या भरू शकेल असा एकच उत्तम चार्जर घ्यावा, हा माझा विचार मी तिला सविस्तर सांगितला.

"दोन घ्या," ती म्हणाली.

मी कारण विचारले.

"असू द्यावेत."

हे कारण नव्हे. मोटार गेल्यावर दुसरा चार्जर कोणासाठी ठेवायचा?

४ मार्च

न्याहारीच्या वेळी तिला दोन बॅटऱ्यांमधला भेद समजावून सांगितला. आतले रसायन एकाच कुळातले, पण स्वभाव भिन्न. मोटारीच्या बॅटरीत शिशाचे पातळ पत्रे पुष्कळ असतात. त्यामुळे ती क्षणभरात प्रचंड प्रवाह देऊ शकते. अडकलेल्या दाराला खांदा मारून ते उघडणाऱ्या माणसासारखी ती. एक धक्का दिला की तिचे काम संपले; पुढे इंजिनच तिला पुन्हा भरते. पण तिला खोलवर रिकामी केली, तर दोन-चार वेळांतच ती आजारी पडते. खुर्चीच्या बॅटरीचे पत्रे जाड असतात. ती डोक्यावर ओझे घेऊन दिवसभर सावकाश चालणारी. अर्ध्याहून अधिक रिकामी झाली तरी पुन्हा भरून उभी राहते.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मोटारीची आणि मी खुर्चीची."

"ते कसे?"

"तुम्ही सकाळी एकदा जोर लावून गादी उलटी करता आणि दिवसभर त्याबद्दल सांगत बसता."

उपमा तांत्रिकदृष्ट्या चूक नाही.

७ मार्च

एक विचित्र गोष्ट लक्षात आली. खुर्चीच्या बॅटऱ्या संध्याकाळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उतरलेल्या असतात. मी फीत लावून घराची मोजणी केली: पलंगापासून स्वयंपाकघर, तिथून गॅलरी, गॅलरीतून दरवाजा. तिच्या दिवसभराच्या फेऱ्या मोठ्या हाताने धरल्या, तरी इतका खर्च होत नाही. याचा अर्थ जुना चार्जर बॅटरी पूर्ण भरतच नसावा आणि नुसताच हिरवा दिवा दाखवत असावा. खोटे बोलणारे उपकरण हे बंद पडलेल्या उपकरणाहून वाईट.

तिला विचारले, "तू दुपारी फार फिरतेस का?"

"घरातल्या घरात कुठे फिरणार?"

माझ्या वामकुक्षीच्या वेळात ती भरतकाम करते, असे तिनेच मागे सांगितले होते. भरतकामाला वीज लागत नाही.

बैठकीतली निळी उशी सापडत नाही. पलंगाखाली, कपाटात, सर्वत्र पाहिले.

९ मार्च

आमच्या रस्त्याच्या उताराच्या तळाशी एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री बॅटऱ्या आणि चार्जरही विकतात. माझ्या गुडघ्याला तो उतार मानवत नाही, म्हणून फोन केला. एका पायाने अधू असलेला हा माणूस माझे बोलणे विद्यार्थ्यासारखा ऐकून घेतो, म्हणून मला प्रिय आहे.

मी माझ्या अटी सांगितल्या. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. खुर्चीच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणून चोवीस व्होल्ट. तेव्हा चार्जर बारा आणि चोवीस अशा दोन्हींवर चालणारा हवा. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका असावा. त्याहून फार मोठा असला तर बॅटरी तापते. फार लहान असला तर सकाळ होते, पण भरणे होत नाही. खुर्चीच्या बॅटरीत आम्ल पातळ नसून घट्ट लगद्यासारखे असते. तिला जेल म्हणतात. तिच्यासाठी चार्जरच्या बटणावर वेगळी खूण हवी, कारण तिला मोटारीच्या बॅटरीइतका विजेचा दाब सोसत नाही. आणि चार्जरचे चिमटे उलटे लागले तर ठिणगी न उडता तो स्वतःच थांबला पाहिजे.

"सगळं बरोबर आहे, सर," मिस्त्री म्हणाले. "पण दोन घ्या."

"हेच तीही म्हणते."

"नर्सबाई म्हणतात ना? मग झालं तर."

"तुम्ही कारण द्या."

पलीकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "सर, घाईत कुणी बाराच्या बॅटरीला चोवीसचं बटण लावलं तर भडका उडेल."

हे मात्र कारण आहे. पण मी घाईत काहीच करत नाही, त्यामुळे ते आम्हाला लागू नाही. शेवटी त्यांनी विचारले, "मोटारीच्या बॅटरीची एवढी काळजी कशाला, सर? राहू दे ना ती." त्यांच्यासारख्या जाणत्या माणसाने असे म्हणावे, याचे नवल वाटले.

१२ मार्च

आज मोटारीचे आच्छादन काढून बॅटरी तपासली. मल्टीमीटरवर साडेबाराच्या वर आकडा आला. माझा विश्वास बसेना, म्हणून मल्टीमीटर घरातल्या दुसऱ्या बॅटरीवर तपासून पुन्हा लावला. तोच आकडा. इतके महिने उभी राहिलेली बॅटरी आपोआप झिरपून रिकामी व्हायला हवी होती. ही जवळजवळ भरलेली आहे. जोडणीच्या टोकांवर पांढरी बुरशीसुद्धा नाही, उलट ताजे ग्रीस दिसते. जावईबापू मागे आले होते तेव्हा त्यांनी लावले असावे. ही बॅटरी बनवणाऱ्यांना अभिनंदनाचे पत्र लिहिले पाहिजे.

म्हणजे या घरात एक बॅटरी विनाकारण रिकामी होते आणि दुसरी विनाकारण भरलेली राहते. ऊर्जा नाहीशी होत नाही, हे मी कितीदा शिकवले.

संध्याकाळी खुर्चीच्या चाकात अडकलेला एक धातूचा तुकडा चिमट्याने काढला. लेथवर लोखंड कातताना निघणारा चकचकीत, वेटोळ्यांचा कीस. आमच्या गॅलरीत लेथ नाही.

"वाऱ्याने आला असेल," ती म्हणाली.

लोखंड वाऱ्याने येत नाही, हे मी तिला घनता काढून दाखवले. तिने मान डोलावली आणि मला डाळिंब सोलून दिले.

१५ मार्च

मुलीचा फोन आला. तिला विक्रीचे सांगितले.

"बाबा, आईला विचारलंत?"

"विचारले. ती म्हणाली, तुम्हाला वाटेल तसं करा."

पलीकडे मुलगी बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं संसार केलात, बाबा, आणि एवढं वाक्य तुम्हाला कळत नाही?"

वाक्य अत्यंत सरळ आहे. त्यात एकही अवघड शब्द नाही. मी फोन हिच्याकडे दिला. दोघी आतल्या खोलीत दार लोटून बोलत बसल्या. मुलीशी बोलल्यावर हिचा चेहरा उजळतो, हे नेहमीचेच. पण हल्ली तो एरवीही उजळलेला असतो. गालांवर थोडा उन्हाचा रंग आला आहे. गॅलरीत बसून भरतकाम केल्याचा परिणाम असावा. परवा ती शिट्टी वाजवत होती. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच ऐकली.

मोटार विकण्याचा निर्णय योग्य होता, याचा हा पुरावा.

१८ मार्च

चांगला चार्जर बॅटरी तीन अवस्थांत भरतो. इंग्रजी नावे रुक्ष वाटली, म्हणून मी त्यांना भरव, मुरव आणि राखण अशी नावे दिली. जेवण झाल्यावर तिला सांगायला बसलो.

भरवमध्ये चार्जर जोराने प्रवाह ढकलतो; रिकामे भांडे नळाखाली धरल्यासारखे. बहुतेक भरणे इथेच होते. मग मुरव. आता दाब स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी करत न्यायचा, म्हणजे वीज पत्र्यांच्या आतपर्यंत मुरते. घाई करणारे लोक इथेच चिमटे काढतात आणि मग बॅटरी लवकर मेली म्हणून दुकानदाराशी भांडतात.

एवढे सांगून मान वर केली, तर ती झोपली होती. पापण्यांवर धुळीचा बारीक थर होता. मी ओल्या रुमालाने तो पुसला. हल्ली ती लवकर थकते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घातले पाहिजे.

तिसरी अवस्था सांगायची राहिली. इथे लिहून ठेवतो. बॅटरी भरल्यावरही स्वस्थ नसते. आतल्या आत थोडीथोडी झिरपत राहते. राखण म्हणजे जेवढे झिरपेल तेवढेच तिला देत राहणे. जास्त दिले तर ती तापते आणि आतून सुकते. अजिबात दिले नाही तर हळूहळू विझते. चार्जर जोडलेला असतो, पण तो आहे हे बॅटरीला जाणवू नये, इतकेच. तिन्हींत मला ही सर्वांत सुंदर वाटते.

२१ मार्च

आज घाबरलो.

दुपारी जाग आली ती नेहमीपेक्षा लवकर. घरात ती नव्हती. दार उघडून पाहिले तर आमच्या दारासमोरच्या छोट्या उताराच्या पायथ्याशी खुर्ची थांबलेली आणि ती शांतपणे आकाशाकडे पाहत बसलेली.

"इथे काय करतेस?"

"हवा खायला आले. खुर्ची वर चढेना."

बॅटरी पार उतरली होती. खुर्ची मी मागून ढकलत वर आणली. तिच्या मुठी आसनाच्या कडेला घट्ट होत्या, आणि घरात आल्यावर त्या सुटल्या तेव्हा तळहातावर काळे वंगण दिसले. चाकाचे असेल.

मी तिला विचारले, हीच खुर्ची रस्त्याच्या मधोमध बंद पडली असती तर? आवाज चढला असावा, कारण तिने माझा हात धरला.

"पडली नाही ना?"

"पडू शकली असती."

"अहो, मी भर पावसात, अंधारात पेशंटकडे जात होते. तेव्हा तुम्ही मला कधी असं विचारलं नाहीत."

"तेव्हा तुझे..." मी वाक्य पूर्ण केले नाही.

"पाय होते," तिने पूर्ण केले. "म्हणा ना. मला चालतं."

रात्रभर खुर्ची चार्जरला लावली आहे. उद्या गुडघा काहीही म्हणो, मी स्वतः गॅरेजात जाऊन चार्जर आणणार. या खोटारड्या यंत्राच्या भरवशावर तिला ठेवता येणार नाही. औषधवाल्यांना फोन करून सांगितले की गाडी चार दिवसांत तयार असेल.

२२ मार्च

काठी घेऊन सकाळी उतार उतरलो.

मिस्त्रींनी मला स्टूल दिले आणि समोर चार्जर मांडले. मी एकेक हाती घेऊन मागची पट्टी वाचली. बारा-चोवीस दोन्हींवर चालणारा, जेलची वेगळी खूण असलेला एक उत्तम नमुना होता. मला हवे ते सर्व त्यात होते. मी तोच बांधायला सांगणार होतो.

स्टुलाच्या आसपास जमिनीवर लेथचा चकचकीत कीस पसरला होता. त्या किसातून दारापर्यंत चाकांच्या दोन समांतर रेघा गेल्या होत्या. अंतर ओळखीचे होते. आमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा मीच त्या मापाने रुंद करून घेतला आहे.

मिस्त्रींची गाडी मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. त्यांचा पाय अधू असल्याने ते ब्रेक आणि वेग हे दोन्ही हाताच्या दांड्याने सांभाळतात, हे मला माहीत होते. मात्र ते चांगले उंच आहेत आणि सीट पार पुढे ओढलेली होती. सीटवर आमची निळी उशी होती.

हिला बुटकेपणामुळे समोरचे दिसत नसे. गाडी घेतली तेव्हापासून ती उशीवर बसून चालवते.

मी स्टुलावर बसून राहिलो. मिस्त्री एक बोल्ट पुसत होते. तो बोल्ट आधीच स्वच्छ होता.

"आमच्या गाडीला असा दांडा बसेल का?" मी विचारले.

"बसेल, सर. तुमच्या गाडीत गिअर आपोआप बदलतात, म्हणून सोपं आहे. माप घेऊन ठेवलंय, बॅटरीही अधूनमधून भरून ठेवतो." मग खालच्या आवाजात, "डॉक्टरांचा दाखला पण झालाय. परवान्यात बदल करायला मुलीनं कागद भरलेत. फक्त..."

"फक्त काय?"

"नर्सबाई म्हणाल्या, सरांना आधी सांगितलं तर ते धोक्याचं गणित मांडतील, आणि त्यांचं गणित चुकत नाही. मग मला घरी बसावं लागेल."

मी पुन्हा चार्जर पाहिले. मोठा बाजूला ठेवला. मोटारीसाठी बारा व्होल्टचा एक घेतला, आणि खुर्चीसाठी चोवीसचा, जेल चालणारा, जुन्यापेक्षा थोडा दमदार. उतारावरून परत चढताना बॅटरीवर किती भार येतो, हे घरी येताना माझ्याच गुडघ्याने दाखवले.

मिस्त्रींना एवढेच सांगितले की मी आलो होतो, हे तिला सांगू नका. चार्जर त्यांनी पाठवले असे म्हणा.

२३ मार्च

दोन चार्जर पाहून ती म्हणाली, "एक पुरेल म्हणत होतात."

"घाईत चुकीचे बटण दाबले तर धोका असतो."

"तुम्ही कुठे घाई करता?"

"मी सर्वांच्या सोयीचा विचार करतो."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मी माहितीपुस्तिका वाचत होतो. ती उलटी धरलेली नव्हती, ही खात्री करून घेतली.

औषधवाल्यांना गाडी विकायची नाही असे कळवले. कारण विचारले, तर म्हणालो, "असू द्यावी."

२५ मार्च

खुर्ची आज सकाळीच पूर्ण भरलेली होती. जेवण झाल्यावर मी नेहमीसारखा आडवा झालो. दाराची कडी हळूच निघाली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. खुर्ची उतारावरून खाली गेल्याचा आवाज आला आणि मग काहीच ऐकू येईना.

वामकुक्षी हा विश्रांतीचा प्रकार आहे, असे मी आजवर समजत होतो.

ती परत आली तेव्हा बॅटरीत जवळजवळ अर्धी ताकद शिल्लक होती. चार्जरची निवड योग्य ठरली.

२७ मार्च

मागच्या अंगणात दुपारभर काहीतरी ठोकणे चालू होते. मी घोरण्याचा प्रयत्न केला. मुद्दाम घोरणे अतिशय कठीण आहे. श्वासाची लय साधत नाही.

३० मार्च

"उठा," ती म्हणाली. "तुमच्या पापण्या आठवडाभर फडफडताहेत."

"मी झोपलो होतो."

"झोपल्यावर तुम्ही घोरता. परवाचं ते घोरणं नव्हतं. मिस्त्रींना वाटलं तुम्हाला दम लागलाय."

मी उठून बसलो. तिने निळी उशी मांडीवर धरली होती.

"उशी कुठे सापडली?" मी विचारले.

"पुरे आता," ती म्हणाली. आणि मग, "रागावलात का?"

मी नाही म्हणालो. घाबरलो आहे का असे तिने विचारले असते, तर हो म्हणालो असतो. तिने विचारले नाही. चष्मा पुसून माझ्या नाकावर बसवला.

मागच्या अंगणात आच्छादन घडी करून ठेवलेले होते. मी मोटारीच्या चार्जरचे चिमटे काढले. चार्जर बंद करून आधी काळा, मग लाल. फाटकापाशी मिस्त्री उभे होते आणि उगाचच वर पाहत होते. खुर्चीतून सीटवर ती लाकडी फळीवरून स्वतः सरकली. मी हात पुढे केला, तिने मान हलवून नको म्हटले. मी हात मागे घेतला नाही. तिला लागणार नाही, पण तिच्या जवळ राहील, एवढ्या अंतरावर तो तसाच धरून ठेवला.

शेजारच्या सीटवर मी बसलो. त्या जागेचा वास तसाच होता, औषधी पट्ट्यांचा. किल्ली फिरली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

रस्त्यावर आलो. ती डाव्या हाताने दांडा हळूहळू दाबत होती. ओठ मिटलेले, कपाळावर घाम. मी गप्प होतो. या वेळी एकही सूचना द्यायची नाही, असे मी घरातूनच ठरवून निघालो होतो.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"तुझे लक्ष विचलित होईल."

"तुम्ही गप्प बसलात की होतं. इतकी वर्षं तुमचं शेजारी काहीतरी चालू असायचं, आणि माझा हात स्थिर राहायचा. काहीही सांगा."

चाळीस वर्षे शिकवलेल्या माणसाला एकही विषय आठवू नये.

"त्या तीनपैकी एक राहिली होती," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "भरव झाली, मुरव झाली, मग मला झोप लागली. तिसरी सांगा."

मी सांगू लागलो. कोपऱ्यावर औषधवाल्यांच्या दुकानापाशी तिने वेग कमी केला, दोन्ही बाजूंना पाहिले आणि डावीकडे वळली.